उत्तर उद्या

ख्रू मलिवान, म्हणजे आपल्या मलिवानबाई, पिशवीतल्या कोड्याचं उत्तर त्याच दिवशी कधीच देत नसत. शाळा सुटायच्या आधी कापडी पिशवीत काहीतरी दडवायचं, पोरांनी आत हात घालून चाचपायचं, हवे तेवढे प्रश्न विचारायचे, आणि मग पिशवीचं तोंड आवळून बाई म्हणायच्या, "उत्तर उद्या!"

वर्गातल्या कुंगची आई तर दारात येऊन भांडायची. "अहो ख्रू, आजच सांगितलं तर काय बिघडेल? कार्टी रात्रभर माझं डोकं खाते!"

बाई नुसत्या हसायच्या. उत्सुकतेपोटी एकही पोर शाळा बुडवत नाही, हे त्या शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना अभिमानाने ऐकवत. खरं कारण मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लग्न राहून गेलेलं. बहीण बँकॉकला गेली ती तिकडचीच झाली. शाळेमागच्या खोलीत एकटीने चिकट भाताचे गोळे वळताना, उद्या कुणीतरी आपल्याकडे धावत येणार आहे, एवढाच काय तो आधार होता.

मग पट रोडावला. आईबाप पोराबाळांसकट शहरात कामाला गेले आणि वरून हुकूम आला: शाळा बंद, उरलेली पोरं तालुक्याच्या शाळेत. हुकूम काढणाऱ्याने कधी त्या पिशवीत हात घातला नसावा.

शेवटच्या दिवशीही बाईंनी पिशवी फिरवली. कुंगने कोपरापर्यंत हात खुपसला.

"लाकूड आहे. एका टोकाला भोक. ख्रू, हे जिवंत होतं का?"

"नाही. पण बोलायचं."

"मग सांगा ना! आता कुठला आलाय उद्या?"

"उत्तर उद्या," बाई सवयीने बोलून गेल्या. पोरं घरी गेली.

सकाळी त्या पिशवी घेऊन पायरीवर बसल्या. कुणी येणार नाही हे ठाऊक होतं, तरी बसल्या. तालुक्याच्या शाळेची गाडी रस्त्याने आली. खिडकीतून कुंग अर्धी बाहेर लोंबकळत होती.

"ख्रू! म्हशीच्या घंटेचा लोलक! आजोबांना विचारलं मी!"

अगदी बरोबर होतं. ट्रॅक्टर आल्यापासून गावात म्हशी नव्हत्या आणि त्यांच्या लाकडी घंटाही नव्हत्या, तरी पोरीने शोधून काढलं होतं. बरोबर उत्तराला बाईंनी आजवर कधी चूक म्हटलं नव्हतं. गाडी थांबली नाही. त्या धडपडत उठल्या.

"चूक!" त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या. "साफ चूक! उद्या परत सांग!"