खोक्यावरचा वेग

काडतुसांच्या खोक्यावर ठळक छापलंय: सेकंदाला तीन हजार फूट. पिकाच्या राखणीसाठी परवाना काढलेल्या माझ्या रायफलीतून मी वेगमापक यंत्रासमोर दहा गोळ्या झाडल्या. सरासरी आली दोन हजार सहाशे चाळीस.

आकडा सांगितला तसा काडतुसं विकणारा दुकानदार हसला. "काका, तो आकडा कंपनीच्या लांब नळीतला. तुमची नळी आखूड, वेग कमीच भरणार."

"मग रानडुकराला कंपनीची नळी दाखवू का?"

असल्या आकड्यांची मला किळस येते. ते खोटे म्हणून पकडता येत नाहीत आणि खरे म्हणून वापरता येत नाहीत. गाडीचं मायलेज असो की रंगाच्या डब्यावरचे चौरस फूट, चूक नेहमी आपलीच ठरते.

त्या आकड्याच्या भरवशावर दुरून झाडलेली गोळी नेमापेक्षा खाली लागते आणि जखमी डुक्कर उसात शिरतं. सकाळी त्या उसाला पाणी द्यायला माझा भाऊ जातो. आकडा छापणारा जात नाही.