काजळाची पिल्लं

दाजी गेल्याची खबर चिंचवड स्टेशनात पोचली तेव्हा मी पार्सलच्या पावत्या फाडत होतो, आणि मला सगळ्यांत आधी आठवलं ते माझंच एक वाक्य. त्यांच्याविषयी लिहायचं तर ते आधी सांगणं भाग आहे. तीन वर्षांपूर्वी चाकणच्या बाजारात, चारचौघांत, मी त्यांना खोटं पाडलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, महाळुंग्याचे. शेती जेमतेम, नाद मात्र कोंबड्यांचा. नाशिक रस्त्याने जाणाऱ्या एका माळव्याकडच्या ट्रकवाल्याकडून त्यांनी एक काळी जोडी मिळवली होती. पिसं काळी, तुरा काळा, कातडी आणि जीभसुद्धा काळी. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी दाजी तो कोंबडा काखेत धरायचे आणि फुंकर मारून पिसं बाजूला करून आतली काळी कातडी दाखवायचे. पाहुण्याला बघावंसं वाटतंय की नाही, याचा विचार त्यांनी कधी केला नाही...

त्या जोडीची एक काळी तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, त्यांनी मला दिली. माझ्याकडे सरकारी फार्मचा पांढरा कोंबडा आणि त्याच जातीच्या काही कोंबड्या होत्या. तलंग अंड्यावर आली, पिल्लं निघाली, आणि सगळी पांढरी. कातडीही फिकी. तुमचा काळा रंग आमच्या पांढऱ्यापुढे टिकत नाही, असं मी त्यांना चिडवलं. ते हसले, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. माझ्या दोन पांढऱ्या कोंबड्या मागून नेल्या आणि आपल्या काळ्या कोंबड्याजवळ ठेवल्या.

मग एका बाजाराच्या दिवशी ते चाकणला पाटी घेऊन बसले. पिल्लांची लव पांढरी, खालून कातडी मात्र दौतीसारखी काळी. गिऱ्हाइकांना ते सांगत होते, आधीची वीण वाढवून बघितलीय, फिकी निघाली ती नर, घरी ठेवली. ही काळी, सगळ्या माद्या. कोंबड्या घेणाऱ्याला हवी असते मादी, आणि इतक्या लहानपणी ती कुणालाच ओळखता येत नाही. त्यामुळे गर्दी जमली होती. मी पाटीत वाकून पाहिलं. त्याच दोन जातींचं मिश्रण, मग माझ्याकडे एकही काळं का नाही?

मेव्हण्याने थट्टा करायचीच असते. मी म्हणालो, "दाजी, काजळ पाजलंत की चोळलंत?"

लोक खदखदून हसले. दाजींनी चहावाल्याच्या बादलीकडे बोट दाखवलं. "मेव्हणं, पाणी हाय तिथं. धुवून बघा की."

मी बादलीकडे गेलो नाही. मला खरंच वाटत होतं की रंग निघेल, आणि निघाला तर बहिणीची लाज जाईल... असं मी पुढे स्वतःला समजावत आलो. खरं म्हणजे हशा माझ्या बाजूने होता, तो सोडवेना. एकही पिल्लू खपलं नाही. पुढे बाजारात त्यांना 'काजळवाले' नाव पडलं. बाजारात पिल्लं विकायला ते पुन्हा बसले नाहीत. माझ्याशी बोलणं तोडलं नाही, फक्त कोंबडा दाखवणं बंद केलं.

तेराव्याला गेलो तेव्हा ताईने तोच कोंबडा माझ्या हातात दिला. म्हातारा झाला होता. "तुझ्या पांढऱ्यांत सोड म्हणाले होते," एवढंच ती बोलली.

माझा पांढरा कोंबडा वेगळा ठेवून त्याला सोडला. यथावकाश पिल्लं निघाली. लव सगळ्यांची पांढरी, पण काहींची कातडी काळी, काहींची फिकी. काळ्यांच्या पायात मी दोरे बांधले आणि रोज ड्यूटीवर जाण्याआधी पिल्लं झाकायचं डालगं उचलून बघू लागलो. हळूहळू फिक्यांना मोठे तुरे फुटले, ती आरवू लागली. दोरेवाल्यांतलं एकही आरवलं नाही, सगळ्या माद्या. आई काळी असली तर रंग दबतो, बाप काळा असला तर तो फक्त लेकींना मिळतो. असं का, ते मला अजून कळलेलं नाही. दाजींनाही कळलं नसावं, पण त्यांनी आईबाप उलटे करून पाहिले. मी तेवढंही केलं नाही.

गेल्या बाजाराला एक तलंग काखेत घेऊन मी चाकणला गेलो. चहावाला तोच होता. बादली मागून घेतली आणि लोकांदेखत तलंग पाण्यात धरून चोळली. पाणी स्वच्छच राहिलं. कुणीतरी विचारलं, "काय राव, काजळवाल्याची का ही?" मी ओल्या पिसांवर फुंकर मारली, काळी कातडी सगळ्यांना दाखवली, आणि दाजी जिथे पाटी मांडून बसले होते त्या जागेकडे बघून मोठ्याने म्हणालो, "दाजी, धुवून बघितलं. खोटा मी होतो. मला माफ करा."