मस्तगडची मुराळी

१९८१ साली जालना जिल्हा झाला आणि त्याच वर्षी बेबीनंदा हसनाबादच्या घरातून बाहेर पडली. पहिल्या घटनेची सरकारदरबारी रीतसर नोंद आहे. दुसरीची मी करतो आहे, कारण बेबीनंदाचे सगळे अर्ज मीच लिहिले आणि एकाही अर्जात ही गोष्ट बसली नाही. मी शाळामास्तर, अक्षर बरं, आणि मस्तगडात घर तिच्या गिरणीला लागून. यापलीकडे माझी काही पात्रता नव्हती.

शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव वेगळं होतं, मुलाचं. ते तिने कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. घरात तिला तीन भावांतला धाकटा धरत, आणि धाकट्याकडे एक काम कायमचं सोपवलेलं होतं: मुराळी होऊन जायचं. दिवाळी आली, पंचमी आली की राजूरला थोरल्या बहिणीच्या, दुर्गाबाईच्या सासरी जायचं आणि तिला माहेरी घेऊन यायचं. मुराळ्याला नाही म्हणत नाहीत. सासरचे कितीही तिरपे असोत, त्याला चहा द्यावा लागतो. आणि पोरगी निघाली की वाटेसाठी शिदोरी बांधून द्यावी लागते. दुर्गाबाईला सासरी मार बसायचा, पण बेताने. तिला न्यायला कोणीतरी येणार आहे, हे मारणाऱ्याला ठाऊक असे.

पुढे धाकट्याने केस वाढवले, बांगड्या घातल्या, आणि घरच्यांनी काठी काढली. तिथे बेताचा प्रश्न नव्हता.

"मला आणायला कोण येणार होतं गुरुजी?" ती एकदा म्हणाली. "घरातला मुराळी मीच."

पाच वर्षं तिने औरंगाबादला एका गुरूच्या घरी काढली. तिथे नाव मिळालं, टाळी वाजवायला शिकली, पण त्या टाळीवर पोट भरणं तिला जमेना. ८६ साली ती जालन्यात आली आणि मस्तगडात रामरावांच्या पिठाच्या गिरणीवर कामाला लागली. पहिले दोन महिने गल्लीतल्या बायांनी दळण लांबच्या गिरणीवर नेलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हिच्या हातचं ज्वारीचं पीठ बारीक येतं आणि भाकरी चिरत नाही. एवढ्या कारणाने पुष्कळांची तत्त्वं ढिली झाली. रामरावांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी गिरणी तिच्यावर टाकली आणि मागच्या दोन खोल्या तिला राहायला दिल्या.

८८ साली त्या खोल्यांत पहिलं माणूस आलं. स्वतःला बाई समजणारं, घरच्यांनी खुंट्याला बांधावं तसं आठ दिवस कोंडून मारलेलं. ते स्वतः पळून आलं नव्हतं. त्याची चिठ्ठी आली होती, आणि बेबीनंदा एस.टी.ने जाऊन त्याला घेऊन आली होती, मुराळी म्हणून. ओसरीवर बसली, पिशवी शेजारी ठेवली, आणि न्यायला आले म्हणाली.

मी व्याकरणाची हरकत घेतली. मुराळी सासरी जातो; हे तर त्या माणसाच्या आईबापाचं घर, म्हणजे माहेर. बेबीनंदाने पट्टा बंद केला, हातावरचं पीठ झटकलं.

"जिथं मार बसतो ते सासर," ती म्हणाली. "मंग तिथं आपली माय का राहत असंना."

मी हरकत मागे घेतली.

त्या दोन खोल्यांना बोर्ड नव्हता, पण माहेराचे सगळे नियम होते. आलेल्याला आधी भाकरी, विचारपूस नंतर. आठ दिवस कोणी कामाला हात लावायचा नाही. आणि कुठे नोकरीला, खोली करून निघालं की ओटी भरून पाठवणी. एक चूक झाली ती याच ओटीत. परतूरकडचा वसंता तिच्याकडे महिनाभर राहिला. जन्माने पोरगी, पण शर्ट-पँटीत वावरणारा. घरच्यांनी लग्न ठरवलं, नाही म्हणाला म्हणून बापाने कान फाडला. सायकलच्या दुकानात काम लागलं तेव्हा बेबीनंदाने रिवाजाप्रमाणे त्याला पाटावर बसवून खण, तांदूळ, नारळ दिला.  वसंता जाताना ते सगळं गिरणीच्या पायरीवर ठेवून गेला.

तो नारळ तिने दिवसभर तिथून हलवला नाही, दळण घेऊन येणाऱ्या बाया त्याला वळसा घालून येत होत्या. दुसऱ्या दिवशी ती सायकलच्या दुकानात गेली आणि चार गिऱ्हाइकांसमोर वसंताच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी घातली. त्या दिवसापासून येईल त्या प्रत्येकाला भाकरीनंतर एकच प्रश्न असे: साडी-चोळी का टॉवेल-टोपी? मी लिंग, प्रवर्ग वगैरे रकान्यांची वही आखून दिली होती. तिने ती बाजूला ठेवली. तिचा प्रश्न पुरेसा होता आणि त्याला कोणी खोटं उत्तर देत नव्हतं. वसंता नंतर तिचा दुसरा मुराळी झाला, लांबच्या तालुक्यांसाठी.

खर्च गिरणीतून भागत होता. जागा भागत नव्हती. २००० साली, दोन खोल्यांत नऊ माणसं असताना, भोकरदनकडून एक जण आली. हाताला फडकं गुंडाळलेलं. बेबीनंदाने तिला जेवू घातलं आणि आठ दिवसांनी ये म्हणाली, दोघी जणी तोवर निघणार होत्या. ती परत आली नाही. दहाव्या दिवशी बेबीनंदा मुराळी होऊन तिच्या गावाला गेली, तर घराला कुलूप आणि शेजाऱ्यांची तोंडंही तशीच. ती कुठे गेली ते आजतागायत कळलेलं नाही. परत आल्यावर बेबीनंदा मला म्हणाली, माहेरी जागा न्हाई असं म्हणून बसले मी, आता तिसरी खोली बांधायची, लिवा अर्ज.

मी अर्ज लिहिले. महिलांच्या योजनेतून उत्तर आलं की लाभार्थी महिला नाहीत. दुसरीकडून आलं की लाभार्थी निराधार नाहीत, कारण त्यांना कुटुंब आहे. ते कुटुंबच मारत होतं, पण त्यासाठी रकाना नव्हता. शेवटी पुण्याच्या एका न्यासाने माणूस पाठवला. २००१ चा उन्हाळा होता. साहेब तरुण, घामाने भिजलेले, सज्जन. त्यांनी अडचण सरळ सांगितली. पैसा आहे, पण तो एड्सच्या कामासाठी. नऊ जणांची नावं रुग्ण म्हणून लिहून दिली तर महिन्यात मंजुरी, एरवी कठीण. मी टोपण काढून पेन तयार ठेवलं होतं, हे कबूल करायला हवं. खोलीत नऊ माणसं ऐकत होती.

"साहेब, आजारी मारणारे हायत," बेबीनंदा म्हणाली. "त्यांची यादी पायजे तर देते. गाववार."

साहेब म्हणाले, हा फक्त कागद आहे. तिचं म्हणणं होतं की हाच कागद उद्या गावात पोचला तर लोक म्हणतील, रोगी होती म्हणून हाकलली, बराबरच केलं. मारणाऱ्याला असा दाखला ती बिलकुल देणार नव्हती.

तेवढ्यावर साहेब परत गेले असते, पण त्याच सकाळी एक कार्ड आलं होतं, राजूरच्या पुढच्या एका वस्तीवरून. 'मला न्यायला या. तुळजा.' बेबीनंदा पिशवी घेऊन उठली. या दहाव्या माणसाला जागा कुठे, असं मी विचारलं. गिरणीत निजंल, पण आठ दिवस म्हणणार न्हाई, असं ती म्हणाली. साहेबांना प्रत्यक्ष काम पाहायचं होतं, तेही निघाले. चतुर्थी होती, गाडीत राजूरच्या गणपतीला जाणाऱ्यांची गर्दी, राजूरपर्यंत ते एका पायावर उभे होते. तिथलं सगळं मला नंतर दोघांकडून कळलं.

तुळजाचे वडील पुंजाराम बाजेवर बसले होते. बेबीनंदा ओसरीच्या कडेला टेकली.

"राम राम पाव्हणं. मुराळी आले मी. तुळजाला न्यायला."

पुंजाराम म्हणाले, इथं कोणी तुळजा नाही, शिवाजी आहे, माझा पोरगा. आणि मुराळी यायला हे काय सासर आहे का त्याचं? बेबीनंदाने त्यांना तेच समजावलं जे मला समजावलं होतं, फक्त जास्त अदबीने. पुंजारामांनी साहेबांच्या फायलीकडे पाहिलं आणि त्यांच्याकडेच दाद मागितली: साहेब, तुम्ही सरकारी माणूस दिसता, हे काय चाललंय?

साहेबांनी घाम पुसला. "मी यांच्याबरोबर आलोय," ते म्हणाले. "मुराळी."

कुठल्याही परिपत्रकात त्यांना हे शिकवलेलं नसावं.

तेवढ्यात आतून तुळजाची आई, गोजरबाई, आली. तिच्या हातात चहा होता, तीन कप. तिने पहिला कप बेबीनंदासमोर ठेवला. चहा कोणी सांगितला, असं पुंजाराम ओरडले, पण मुराळ्याला चहा दिला की पुढचं ठरलेलं असतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. गोजरबाई आत गेली. बराच वेळ भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला. मग ती फडक्यात बांधलेली शिदोरी घेऊन बाहेर आली, आणि तिच्या मागून तुळजा, एक डोळा सुजून मिटलेला. पुंजाराम बाजेवरून उठले नाहीत. अडवलंही नाही.

"पंचमीला इकडून मुराळी येईल," गोजरबाई म्हणाली.

"येऊ द्या," बेबीनंदा म्हणाली. "पण त्याच्याआधी ह्या घराचं माहेर करा."

परतीच्या गाडीत शिदोरी सोडली. बेबीनंदाने भाकरीचा पहिला तुकडा तुळजाला दिला आणि तिचा नेहमीचा प्रश्न विचारला. साडी, तुळजा म्हणाली. आणि जरा वेळाने, हिरवी. साहेब फायलीवर काहीतरी खोडत होते.

न्यासाने वर्ष लावलं आणि मागितल्याच्या निम्मे पैसे दिले, 'इतर' या सदराखाली. मंजुरीपत्रात कामाचं स्वरूप एका शब्दात होतं, 'मुराळी', आणि शुद्धलेखन बरोबर होतं. तिसरी खोली विटांची झाली, वर पत्रे. गल्लीतल्या ज्या बायांनी कधीकाळी दळण लांब नेलं होतं त्यांनी जमीन सारवून दिली आणि सारवण कोणाचं चांगलं यावर भांडल्या.

पहिल्या पंचमीला वस्तीवरून कोणी आलं नाही. दुसऱ्या पंचमीला गोजरबाई आली, एकटी, पिशवीत लाडू. तुळजाला न्यायला आली होती. गिरणीत सगळे बेबीनंदाकडे बघू लागले, कारण मुराळ्याला नाही म्हणत नाहीत, हा नियम इथला सगळ्यांत जुना. बेबीनंदाने तिला चहा दिला. घरचं काय, असं विचारलं. गोजरबाईने पदर सावरला तेव्हा मनगटावरचा वळ दिसला.

"मुराळी सासरी येतो, गोजरबाई," बेबीनंदा म्हणाली. "हे माहेर हाय. इथून न्यायचं नसतंय. इथं येऊन राहायचं असतंय."

गोजरबाई चार दिवस राहिली. तिची आई वारल्यापासूनचं तिचं पहिलं माहेरपण. न्यासाला अहवाल पाठवताना तिला कुठल्या रकान्यात घालावं हे मला कळेना, म्हणून मी बेबीनंदाला विचारलं. तिने ते परस्पर गोजरबाईलाच विचारलं, भाकरी वाढता वाढता, जसं सगळ्यांना विचारत असे: साडी-चोळी का टॉवेल-टोपी?

गोजरबाई आधी तुळजाकडे बघत राहिली. मग इतकी हसली की तिला घास खाली ठेवावा लागला.