भोंगा वीस मिनिटं उशिरा वाजला

आमच्या ऑफिसात मनगटावर घड्याळ घालणारे आता दोघंच उरलेत. बाकीचे खिशातून मोबाइल काढून वेळ पाहतात. वाढदिवसाला घड्याळ घेऊ का, असं मुलीला विचारलं तर ती हसली. "बाबा, घड़ी अब कौन पहनता है?" मीही घालत नाही. पण माझं कारण मोबाइल नाही.

तेव्हा रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. जिकडेतिकडे बांधकाम, सळई पुरत नव्हती. शहराबाहेर उरला औद्योगिक वसाहतीत, सळया बनवणाऱ्या एका रोलिंग मिलमध्ये मी इलेक्ट्रिशियन होतो. एका कामगाराच्या घड्याळाचा पट्टा मशीनच्या साखळीत अडकून त्याचा हात कोपरापर्यंत ओढला गेला होता. तेव्हापासून सगळ्यांना घड्याळं गेटवर ठेवावी लागत. आत एकच घड्याळ चाले, फोरमनच्या मनगटावरचं. ते पाहून तो पाळी सुटल्याचा भोंगा वाजवायचा. गेटवर घड्याळ परत मिळेपर्यंत रांगेत बराच वेळ जाई, त्यामुळे भोंगा वेळेवर झाला की नाही हे कोणाला कळत नसे. अमरावतीकडचा माणूस, माझ्याशी मराठीत बोले. मला तो कधी वाकडं बोलला नव्हता.

भट्टीवरच्या एका कामगाराला मात्र भोंग्याबद्दल शंका होती. लग्नात सासऱ्यानं दिलेलं घड्याळ त्यानं एक दिवस मोज्यात लपवून आत आणलं. दुपारी दोनचा भोंगा झाला तसं ते काढून हात उंच केला. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"रोज बीस मिनट खाता है तू हमारा!" तो ओरडला.

फोरमननं त्याच्या कानाखाली वाजवली. घड्याळ खाली पडलं, त्यावर फोरमननं बूट ठेवला आणि टाच फिरवली. काच कचकन फुटली.

कामगारानं शेजारची थंड सळई उचलली. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा फोरमननं हातावर झेलला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. फोरमन पडला आणि मग सगळेच धावले. कोणी हेल्मेटनं मारत होतं, कोणी बुटानं. मीही गेलो. दोन लाथा घातल्या, बरगडीत. दुसरी घालताना मला बरं वाटत होतं, हे आजवर मी घरी कोणाला सांगितलेलं नाही.

भंगार उचलणारी एक बाई गर्दीत घुसली आणि सरळ त्याच्या अंगावर आडवी पडली. "मर जाही गा! छोड़व!" तिच्याही पाठीत एक बसली. मग हात थांबले. फोरमनच्या तोंडातून रक्त येत होतं, आणि तो एकसारखं पाणी मागत होता.

सळईवाला जेलात गेला. बाकी कोणाचं नाव आलं नाही. पोलिसांनी मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, मी पॅनलरूममध्ये होतो.

काही महिन्यांनी आईला घेऊन समता कॉलनीत हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. आईला पंख्याखाली बसवलं. पलीकडच्या बाकावर फोरमन बसला होता. मनगट वाकडंच जुळलं होतं.

"बस नं," तो म्हणाला. मी बसलो. थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, "दोन लाथा तुह्या होत्या. मले मालूम आहे."

"मग पोलिसांत नाव काहून नाही सांगतलं?"

"भोंगा उशिरा वाजव, असं मालकानं मले सांगतलं होतं. मी नाही म्हणू शकलो असतो. पण म्हटलं नाही." तो भिंतीकडे पाहत होता. "तो पोट्टा जेलात सडून राहिला. त्यात अजून तुले कशाले धाडू?"

माफी मागायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात कंपाउंडरनं त्याचा नंबर पुकारला. तो उठला. एक्स-रेचं पाकीट त्याला त्या हातानं उचलेना. मी ते उचललं आणि त्याच्या मागून डॉक्टरच्या दारापर्यंत नेऊन दिलं. पाकीट घेताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. परत येऊन मी आईजवळ बसलो. "कोण होते रे ते?" तिनं विचारलं. "ओळखीचे," म्हणालो.