एवे मला येत होती

“ह्या दोघांना शेजारी उभं करा रं. बघू, जास्त काळं कोन हाय!”

कॉलेजच्या गॅदरिंगला संस्थेचे दादासाहेब माईकवरून बोलले. दोघांतला एक मी. मेसमध्ये भाकरी थापणारा, अकोले तालुक्याच्या डोंगरातला ठाकर आदिवासी. दुसरा याओ, घानाहून शिकायला आलेला पोरगा. मांडव असा हसला, की प्रवरेपलीकडच्या उसातले बगळे उडाले.

तेवढ्यावर भागलं नाही. “ए मामा, तू त्याची भाषा शिकलास म्हनं? बोलून दाखव की. हुंबा हुंबा!”

शिकलो होतो. याओच्या भाषेचं नाव एवे. चुलीपाशी बसून त्यानं शिकवली. सूर चढला-उतरला की अर्थ पालटतो. तिच्यात आपला ड आहे, अस्सल. लेकराला ती ‘डेवी’ म्हणते. आभाराला ‘अक्पे’. त्यातले क आणि प एकाच दमात फोडायचे, घसा आणि ओठ एकदम. मी सराव करायचो तेव्हा तव्यावरची भाकरी घाबरून फुगायची! ती माणसं भेटली की घरच्या सगळ्यांची विचारपूस करतात. याओ माझ्या म्हातारीची, पोरीची, शेळीचीसुद्धा करायचा. त्या संस्थेत मला कुणी नावही विचारलं नव्हतं.

“बोल रं! का काढू मेसमधून?” दादासाहेब हसतच म्हणाले.

याओ माझ्याकडूनच शिकलेल्या मराठीत कानाशी पुटपुटला, “मामा, बोला. नोकरी जाईल. मला सवय हाय.”

विशीतला पोरगा. सवय हाय म्हणतो.

मलाही होती. शाळेत पाहुणे आले की गुरुजी मला उभं करून ठाकरी बोलायला लावायचे. सगळे हसायचे. मीही हसायचो, सगळ्यांत मोठ्यानं.

मी माईक हातात घेतला. “एवे मला येती, दादासाहेब. तुमच्यापुढं न्हाई बोलनार.”

दादासाहेब उठले आणि त्यांनी माझ्या थोबाडीत दिली. माईक चालूच होता. तो आवाज पार राहात्यापर्यंत गेला असेल. प्राध्यापक, पाहुणे, पोरं, सगळे आपापल्या चपला बघत बसले. संध्याकाळी माझी वळकटी मेसच्या बाहेर पडली होती.

आता राहात्याच्या बाजारात वडे तळतो. घरच्यांशी ठाकरीत बोलतो, याओचा फोन आला की मोडक्यातोडक्या एवेत. गिऱ्हाईक म्हणालं, “जरा बोलून दाखव की,” तर त्याच्या हातातला वडा काढून घेतो. जा उपाशी.

मी बोलेन. बोलून दाखवणार नाही. पुन्हा मारलं तरी.