रोहण्याच्या शाळेतला नकली व्हॉल्व्ह

हवालदार नामदेव भोयर. राहणार अल्लीपूर, तालुका हिंगणघाट. हे नाव आधी लिहितो, मग बाकीचं. फौजेच्या सिग्नल दलात मी रेडिओ मेकॅनिक म्हणून नोकरी पुरी केली, पेन्शन घेतली, ती या माणसामुळे.

मी सावंतवाडीकडचा. नववी अर्धवट सोडून भरती झालो. सत्तरचं दशक संपत आलं होतं, तेव्हा माझी पोस्टिंग वर्धा जिल्ह्यात झाली. ओळखीचं कोणी नाही. भाषा मराठीच, पण कानाला वेगळी. वर्कशॉपमध्ये मी शिकाऊ होतो आणि इंग्रजी मॅन्युअल समोर आलं की एक ओळही कळायची नाही. सुभेदार साहेबांनी सांगून ठेवलं होतं, काम जमलं नाही तर लाइन पार्टीत जायचं, म्हणजे खांबांवर तारा ओढायला.

मला शिकवायचं काम भोयर साहेबांकडे होतं. ते मॅन्युअल हातात देत नसत. रेडिओ सेटमधल्या जळालेल्या व्हॉल्व्हची, म्हणजे बल्बसारख्या नळीची, काच काढून ते तळ तेवढा ठेवत आणि त्याच्या पिनांवर रेझिस्टर आणि तपासणीच्या तारा सोल्डर करत. हा नकली व्हॉल्व्ह. पीटी, फॉल-इनची हजेरी, नाश्ता झाला की तो सेटमध्ये बसवायचा. मग रोज दोन तास ते सेटमध्ये मुद्दाम काहीतरी बिघडवत, आणि मी मीटर लावून ते शोधायचं. चुकलो तरी काही जळत नसे. मला त्या दोन तासांचा फार आधार वाटायचा.

बायस मी त्यांच्याकडूनच शिकलो. ट्रान्समीटरच्या शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हला आवरून धरायला त्याच्या ग्रिडवर, म्हणजे आतल्या जाळीवर, सतत उणे व्होल्टेज द्यावं लागतं. ते गेलं की व्हॉल्व्ह वाटेल तेवढा करंट ओढतो, आतली प्लेट लालभडक होते आणि तो जळतो. साहेब त्याला बायस म्हणतच नसत, कासरा म्हणत.

त्या वर्षी ऑगस्टात पूर आला. आमची डिटॅचमेंट, म्हणजे छोटी तुकडी, रोहण्याच्या शाळेत लागली. नाल्यापलीकडच्या वस्तीतली माणसं एका देवळाच्या छपरावर अडकली होती. धारेत बोट जाईना. हेलिकॉप्टर मागवायचं तर नागपूरशी बोलणं भाग होतं. लहान सेटचा आवाज विजांच्या खरखरीत तिथवर पोचत नव्हता, म्हणून मोठा ट्रान्समीटर लावला. सकाळी नऊला मी 'की', म्हणजे बोलायचं बटण, दाबली. मिनिटाभरात प्लेट लाल झाली आणि व्हॉल्व्ह गेला.

स्पेअर एकच होता.

सुभेदार साहेब दारात आले. "कितना टाइम?"

"देखते हैं साब," भोयर साहेब म्हणाले.

मी घाईघाईत हाय टेन्शन, म्हणजे व्हॉल्व्हला लागणारा शेकडो व्होल्टचा पुरवठा, बंद करून बायस मोजला. उणे पन्नास, अगदी बरोबर. म्हणजे जुना व्हॉल्व्हच खराब होता, असं म्हणून मी स्पेअरचा खोका उघडायला घेतला. भोयर साहेबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"काऊन घाई करून राह्यला बे? बैल गोठ्यात असतानी कासरा ओढून पाह्यला तू. जुंपल्यावर काय होते ते पाह्य."

"सर, हा पण जळला तर?"

"म्हणूनच म्हणतो, नकली लाव."

नकली व्हॉल्व्ह बसवला. हाय टेन्शन चालू केलं. मीटर ग्रिडच्या पिनेवर होता. सुई उणे पन्नासवर. मी मध्येच खिडकीबाहेरच्या पाण्याकडे पाहिलं, तर ते म्हणाले, समुद्राकाठचा पोट्टा अन् नाल्याच्या पाण्याले भेते. मला हसू आलं नाही. सेट तापत गेला. मी सुईवरून नजर काढली नाही.

"सर, सुई सरकतेय."

"कोणीकडे?"

"शून्याकडे. चाळीस... तीस."

"मंग सांग, चोर कोण?"

मी सर्किट आठवलं. हाय टेन्शन असतानाच बायस घसरतो, म्हणजे ते कुठून तरी ग्रिडवर गळतंय. याला सिग्नल पुरवणारा आधीचा ड्रायव्हर व्हॉल्व्ह आणि हा, यांच्यामध्ये एकच कंडेन्सर होता. मी त्याचं नाव घेतलं. साहेबांनी सोल्डरिंग आयर्न पुढे केली. हाय टेन्शन बंद करून कंडेन्सरचं एक टोक सोडवलं, पुन्हा चालू केलं. सुई पन्नासवर गेली आणि तिथेच थांबली.

तसला कंडेन्सर आमच्याकडे नव्हता. शाळेच्या कपाटात मुलांना बातम्या ऐकवायचा जुना रेडिओ होता. हेडमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "काढा, काढा. बातम्या मंग ऐकू."

त्यातले दोन कंडेन्सर काढून एकामागे एक जोडले, म्हणजे व्होल्टेजचा भार दोघांत वाटला जाईल. अर्धा तास नकली व्हॉल्व्हवर सेट तापवला. सुई हलली नाही. मग साहेब बाजूला झाले आणि स्पेअर त्यांनी मला लावायला सांगितला. मी की दाबली. प्लेट काळीच राहिली.

"हॅलो नागपूर, आवाज कसा, ओव्हर."

"पाँच बटा पाँच. मेसेज भेजो, ओव्हर." म्हणजे आवाज जोरदार आणि स्वच्छ.

दुपारी हेलिकॉप्टर आलं. छपरावरची सगळी माणसं उतरली. एक म्हातारी शेळी सोडून यायला तयार नव्हती, तर शेळीही आली.

सुभेदार साहेबांनी विचारलं, फॉल्ट किसने पकडा? भोयर साहेब म्हणाले, "इस लडके ने, साब." बस्स, एवढंच. लाइन पार्टीचा विषय निघाला नाही. पुढे मेकॅनिकच्या टेस्टला माझं नाव गेलं.

ऐंशीच्या दशकात साहेब उत्तरेतल्या एका उंच चौकीवर होते. बर्फात पडलेला अँटेना उभा करायला ते स्वतः गेले, सोबतच्या जवानाला मागे थांबवलं. वरून हिमकडा सुटला. तो जवान वाचला. साहेब आले नाहीत.

त्यांची मुलगी आता शिक्षिका आहे. मागे फोनवर बोललो. बाबा फौजेत नेमकं काय करत, हे त्यांनी घरी कधी सांगितलंच नाही, म्हणाली. "काका, आईले ऐकाचं हाय. एकदा येजा."

जाणार आहे. इतक्या लांबचा प्रवास मला आता झेपेल का, याची धास्ती वाटते, तरी जाणार. त्या दिवशीची शाबासकी मला मिळाली, ती साहेबांची होती. अल्लीपूरला वहिनींसमोर बसून, नऊ वाजल्यापासून हेलिकॉप्टर येईपर्यंतचं सगळं सांगून, ती मी त्यांच्या घरी पोचती करणार.