चाड्यावरची मूठ

लेखी परीक्षेत आश्रुबा मास्तरांचा पंधरा जणांत पहिला नंबर आला, तरी ते नापास होण्याच्या बेतात होते.

सन एकोणीसशे सत्तावन्नची गोष्ट. चारठाण्याच्या शाळेला दोन एकर रान मिळालं होतं आणि तिथे शेती शिकवायला प्रमाणपत्र असलेला मास्तर हवा होता. त्यासाठी आश्रुबा चार महिन्यांच्या वर्गाला परभणीत येऊन राहिले. पास झाले तर ते गावच्या शाळेत टिकणार. नाही तर त्यांच्या जागी दुसरा येणार आणि त्यांची बदली होणार. निजामाच्या राज्यात शिकलेले हे मास्तर टिपणं अजून उर्दूत काढत, पण खतं, किडी, मातीचे प्रकार त्यांना तोंडपाठ होते.

अडलं ते पेरणीत. प्रत्येकाने ज्वारीची दहा तासं, म्हणजे ओळी, पेरायची आणि आठव्या दिवशी उगवण बघून गुण मिळायचे; त्यात नापास तो सगळ्यातच नापास. सरावात आश्रुबांची ज्वारी एका जागी झुपक्याने उगवली आणि पुढे चार हात रान बोडकं राहिलं.

वर्ग घेणारे आबासाहेब तासाच्या कडेला उभे राहिले. "मास्तर, ही पेरणी आहे का कोंबड्यांना दाणे टाकलेत?"

"साहेब, आमी तिफण हाकतो. मूठ बायका धरतात."

आबासाहेबांनी बाकीच्यांकडे पाहिलं. सगळे खाली बघत होते. पंधराही शेतकऱ्यांच्या घरचे, बैलांमागे वाढलेले. पण तिफणीवरच्या लाकडी चाड्यात बी सोडायला कुणाचा हात कधी गेला नव्हता. मुठीतून दाणे किती सुटावेत, हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

परीक्षेची पेरणी बुधवारी होती. शनिवारी आश्रुबा मोटारीने जिंतूरला आणि तिथून बैलगाडीने घरी आले. बायकोला, मनकर्णाला, त्यांनी अडचण सांगितली. ती हसली नाही. तिने अंगण झाडलं आणि ज्वारीचं सूप पुढे ठेवलं.

"मूठ आवळू नका. अंगठा ढिला सोडा. दाना सुटला का न्हाई ते हाताला कळाया पायजे."

"एका पावलाला किती सोडायचे?"

"मोजायला लागलात का चुकलात. बैलाच्या चालीवर सोडा."

"बैल कुठंय इथं?"

"मी हाय की." पदर खोचून ती संथपणे पुढे चालू लागली.

शेजारच्या दगडाबाई कुडावरून बघत होत्या. "मनकर्णे, तुजा शागीर्द लय उतावळा हाय गं. छडी घे हातात."

रविवारी दुपारपर्यंत अंगणात दाण्यांच्या सारख्या ओळी पडू लागल्या. त्या खरोखरच कोंबड्यांनी खाल्ल्या.

बुधवारी पेरलेलं आठव्या दिवशी वर आलं होतं. आबासाहेब आश्रुबांच्या दहाही तासांतून वाकून चालत गेले. कुठे झुपका नाही, कुठे खंड नाही.

"कुणाकडनं शिकलात?"

"घरच्यांकडनं."

"मग बाकीच्या चौदांनाही घरी धाडायला पाहिजे होतं," असं म्हणत त्यांनी गुण मांडले.

प्रमाणपत्र घरी आलं तेव्हा मनकर्णाने ते वाचून घेतलं.

"माजं नाव कुठं हाय त्यात?"

"न्हाई."

"बरं. मंग शाळंच्या रानात मूठ कोन धरनार?"

त्याच आठवड्यात शाळेच्या रानात मास्तरांनी तिफण हाकली आणि चाड्यावर मनकर्णा होती. चौथीचा वर्ग तासाच्या कडेने चालला होता. पोरं बैलांकडे बघताहेत हे दिसताच मास्तर पुढूनच म्हणाले, "इकडं काय बघता? धडा मागं चाललाय."